तिसऱ्या ताटाचं शेवटचं कडवं

व्हर्ना टॅकेटला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. लहानपणी जेवायला बसली तरी तिचं एक पाऊल दाराकडे वळलेलं असायचं. केंटकीच्या पूर्वेला, कोळशाच्या खाणींच्या डोंगरात ती वाढली. एकोणिसाव्या वर्षी गिटार आणि दोन झगे घेऊन रेकॉर्डवाल्यांच्या नॅशव्हिल शहराला गेली, आणि तेव्हापासून एका घरात सलग दोन हिवाळे तिने काढले नव्हते. मध्ये एक लग्न झालं, बँडमधल्याच एका वादकाशी. चार वर्षांत ते मोडलं. "तुझ्याशी संसार करणं म्हणजे चालत्या ट्रकवर चूल मांडणं," असं तो जाताना म्हणाला, तर हिने भांडण अर्धवट टाकून ती ओळ वहीत उतरवून घेतली.

नॅशव्हिलमध्ये चौदा वर्षं तिने हॉटेलात बश्या उचलल्या, पिणाऱ्यांच्या गोंगाटात गायली, गाणी छापणाऱ्यांचे उंबरे झिजवले. मग १९८३ मध्ये 'तिसरं ताट' आलं.

गाणं तिच्या घरचंच होतं. ती नऊ वर्षांची असताना तिची आई, इमोजीन, एका माणसाबरोबर ओहायोला निघून गेली. बाप हर्शेल शाळेची बस चालवायचा. त्याने एकट्याने पोरीला वाढवलं. जेवणाच्या टेबलावर तो रोज तीन ताटं मांडायचा. एक त्याचं, एक व्हर्नाचं, आणि एक रिकामं. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ते ताट तसंच कोरडं राहतं, आणि ती बाई कधीच येत नाही.

त्या वर्षी देशभर सगळ्या रेडिओ स्टेशनांवर तेच वाजलं. ट्रकवाले म्हणे रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून रडले. 'जिच्या गाण्यात खोटा शब्द सापडायचा नाही' अशी तिची ओळख करून देऊ लागले. दौऱ्यांसाठी तिच्या नावाची बस झाली, बसवर तिचं चित्र झालं. पण पुढच्या दोन्ही रेकॉर्ड पडल्या. रेकॉर्ड कंपनीने तिला चमकीचे कपडे घालायला लावले, गाण्यांत ढोल भरले. तिने एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा भांडली, आणि कंपनीने तिला नारळ दिला. बस गेली. मग जिल्ह्याजिल्ह्यांच्या जत्रा उरल्या. बक्षिसाचं डुक्कर जाहीर झाल्यावर आणि ट्रॅक्टरांची वजन ओढायची शर्यत सुरू व्हायच्या आत तिला पाऊण तास मिळायचा. लोक नवी पाच गाणी ऐकून घ्यायचे, ते सहाव्याला 'तिसरं ताट' येणार म्हणून.

१९९५ च्या वसंतात तिची कामं बघणाऱ्या रँडल प्रुइटचा फोन आला. ती टेनेसीतल्या एका मोटेलच्या खोलीत पिशवी भरत होती.

"व्हर्ना, बसली आहेस का?"

"मी कधी बसते?"

"मग भिंत धर. केंड्रा विल्सला 'तिसरं ताट' गायचंय."

केंड्रा विल्स तेवीस वर्षांची होती आणि त्या वर्षी तिच्या तिकिटांसाठी लोक आदल्या दिवसापासून रांगा लावत होते. व्हर्ना खरंच पलंगाच्या कडेवर टेकली.

"फक्त एक बारीकशी गोष्ट आहे," रँडल म्हणाला.

"तुझी बारीक गोष्ट नेहमी बैलाएवढी असते. बोल."

"शेवटच्या कडव्यात आई परत यायला हवी."

"आली नव्हती ती."

"अगं, गाण्यात!"

"गाण्यातच म्हणतेय मी. आली नव्हती!" तिने फोन आपटला.

तासाभराने केंड्राने स्वतः फोन केला. पोरगी अदबीने बोलत होती. "मिस व्हर्ना, माझीही आई गेली होती. मी सात वर्षांची होते. ती परत आली. मला ते गाणं गायचंय, पण जे माझं झालं नाही ते मी कसं गाऊ?"

"विचार करते," व्हर्ना म्हणाली. पण विचार करायलाही ती एका जागी थांबली नाही. जत्रेवाल्यांना निरोप देऊन तिने गाडी काढली आणि सहा तास चालवत बापाच्या घरी पोचली.

हर्शेल चौऱ्याहत्तर वर्षांचा झाला होता. व्हरांड्यात घमेलं मांडीवर घेऊन शेंगांच्या शिरा काढत होता.

"जत्रेतून हाकललं की काय?" त्याने विचारलं.

"मीच निघाले. डॅडी, ऐका तर खरं. आता नॅशव्हिलचे शहाणे आईला परत आणायला निघालेत." तिने सगळी हकीकत नकला करून सांगितली. रँडलचा आवाज काढला, केंड्राचाही काढला. बाप हसेल असं तिला वाटलं होतं.

तो हसला नाही. शेंगा मोडत राहिला. "येऊ दे की तिला," म्हणाला.

"काय?"

"गाण्यात तरी येऊ दे, पोरी."

"बारा वर्षं लोक मला सांगतात, बाई, तुझं गाणं खरं आहे. आणि तुम्हीच म्हणताय—"

"ते खरं नाही." त्याने घमेलं खाली ठेवलं. "ती आली होती."

व्हर्ना कठड्याला टेकून उभी होती, ती तशीच राहिली.

"तू अकरा वर्षांची होतीस," हर्शेल म्हणाला. "सकाळची फेरी करून घरी आलो, तर ही इथे पायरीवर. पायाशी पेटी. मी मागच्या दाराने आत गेलो आणि पुढच्या दाराला कडी घातली. तिने दार वाजवलं. बराच वेळ वाजवलं. मी आत स्वयंपाकघरात बसलो होतो. मग दोन वाजले. शाळा सुटायची वेळ झाली, तसा मागूनच निघालो आणि बस काढली."

"आणि मी घरी आले तेव्हा?"

"तोवर ती चालत निघाली होती. पुलाच्या अलीकडे तिला आपली बस आडवी गेली. तू तिसऱ्या बाकावर होतीस. सगळी पोरं गात होती, त्यात तुझाच आवाज मोठा. तिने हात वर केला. मी बस थांबवली नाही."

व्हर्नाने आठवून पाहिलं. गाणं आठवलं, पूल आठवला. हात वर केलेली बाई काही आठवेना.

"पण ताट? तुम्ही रोज ताट मांडायचात!"

"त्या दिवसापासून मांडायला लागलो. आधी नव्हतो मांडत."

ती तडक गाडीत जाऊन बसली, फाट्यापर्यंत गेली, वळून परत आली. बाप तिथेच होता.

"पत्ता आहे तिचा?" ती खिडकीतूनच ओरडली. "का तोही कडी लावून ठेवलाय?"

पत्ता होता. एकदाच पत्र आलं होतं, त्याच्या पाकिटावर. डेटन, ओहायो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्या घरापुढे उभी होती. दार एमिट नावाच्या म्हाताऱ्याने उघडलं. आई ज्याच्याबरोबर गेली होती तो हा नव्हे. याच्याशी तिने नंतर लग्न केलं होतं. व्हर्नाला त्याने पाहताक्षणी ओळखलं. "दोन वर्षं उशीर केलास, बाई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. इमोजीन फुप्फुसाच्या दुखण्याने गेली होती.

त्याने कॉफी ठेवली. सांगण्यासारखं त्याच्याजवळ फार नव्हतं, पण जे होतं ते त्याने सांगितलं. ती इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होती. तिथे दिवसभर रेडिओ चालू असायचा. त्र्याऐंशी साली तो रेडिओ दर तासाला 'तिसरं ताट' लावायचा.

"ती तिथल्या बायकांना म्हणाली, हे माझ्याबद्दल आहे. आणि मी परत गेले होते. बायका हसल्या. म्हणाल्या, हो हो, आणि आम्ही इंग्लंडच्या राण्या."

"मला का नाही लिहिलं तिने?"

"लिहायची. फाडायची. म्हणायची, पोरीचं पोट त्या गाण्यावर आहे."

व्हर्ना उठली, बसली, पुन्हा उठली, आणि शेवटी त्या माणसाच्या स्वयंपाकघरातल्या काठ उसवून लोंबणाऱ्या पडद्याला टाके घालत बसली. हाताला दुसरं काही काम सुचेना. एमिटने तिला करू दिलं.

नवं कडवं तिने परतीच्या वाटेवर केलं. आई येते, दार वाजवते. आतला माणूस कडी काढत नाही, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा तिसरं ताट मांडतो. चाल तीच ठेवली. पण ते कुठेही गाण्याआधी ती बापाकडे गेली आणि तिने त्याला व्हरांड्यात म्हणून दाखवलं.

हर्शेल रस्त्याकडे बघत म्हणाला, "बारा वर्षं मी बिचारा होतो. चर्चमधल्या बायकांनी किती वेळा जेवण आणून दिलं, ठाऊक आहे? एकीने तर लग्नाचं विचारलं."

"तुम्ही नाही म्हणा, मी नाही गाणार."

"गा. जेवण बंद होईल, एवढंच."

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही, डॅडी."

"मी मागितली कुठे?" तो म्हणाला. "तू गा."

रँडलला तिने फोनवरच ऐकवलं.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "फार चांगलं आहे. आणि कुणी लावणार नाही. लोक सकाळी कामावर जाताना ऐकतात गं रेडिओ! केंड्राला हवं तसं कडवं देऊन टाक, म्हातारपणाची सोय होईल."

"खोटं एकदा गायले, ठाऊक नव्हतं म्हणून. आता ठाऊक आहे."

केंड्राला मात्र तिने स्वतः कळवलं. पोरगी रडली, आणि म्हणाली, "तुमचं तुम्ही गा, मिस व्हर्ना. मी माझं लिहीन." तिने खरंच लिहिलं. ते गाणं त्या वर्षी खूप वाजलं. व्हर्नाने ते गाडीत ऐकलं आणि आवाज मोठा केला; एक ओळ तिला पटली नाही, बाकी आवडलं.

व्हर्नाचं वर चढणं पुन्हा काही झालं नाही. पहिल्याच जत्रेत पुढच्या रांगेतली एक बाई मध्येच उठून ओरडली, "अहो, ते तसं नाहीये! ती येत नाही!"

"येते," व्हर्ना म्हणाली आणि गात राहिली. चार लोक उठून ट्रॅक्टर बघायला गेले. बाकीचे बसले. टाळ्या उशिरा आल्या, पण आल्या. एका छोट्या रेकॉर्डवाल्याने गाणं काढलं, दोन-तीन राज्यांतल्या स्टेशनांनी लावलं, आणि रँडलने हळूच दुसरे गायक धरले. जत्रा कमी झाल्या. शाळा, चर्चची तळघरं, युनियनची सभागृहं मिळू लागली. हर्शेल एक उन्हाळा तिच्याबरोबर फिरला. शेवटच्या कडव्याला तो बाहेर जाऊन उभा राहायचा. ऑगस्टपासून आतच थांबू लागला.

डेटनचा कार्यक्रम ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी होता. त्याला बाप आला नाही. व्हर्नानेही आग्रह केला नाही. कार्यक्रम संपल्यावर तीन वयस्क बायका मंचाजवळ आल्या. पुढची धिप्पाड होती, तिने हातातली पर्स छातीशी धरली होती.

"आम्ही जीनबरोबर धोबीखान्यात होतो," ती म्हणाली. "इमोजीन. तिने सांगितलं होतं आम्हाला. आम्ही हसलो होतो."

दुसरी म्हणाली, "मीच जास्त हसले होते."

व्हर्नाला तासाभरात निघायचं होतं, पुढचं गाव दीडशे मैलांवर होतं. तिने चार खुर्च्या ओढल्या.

"ती गायची का?" तिने विचारलं.

"अगं बाई, नको ते! मांजर बरं. पण थांबायची नाही."

"जेवायला काय आणायची डब्यात? घरचं काही बोलायची? रागवायची कशावर?"

बायका एकमेकींकडे बघत आठवू लागल्या, एकीचं दुसरी खोडून काढू लागली. सभागृहाचा माणूस दोनदा किल्ल्या वाजवून गेला. व्हर्नाने मान वर केली नाही. "डब्याचं आधी सांगा," ती म्हणाली.