चपलेची किटली

आठ डिसेंबर. सकाळपासून आभाळ भरलेलं. पाऊस नाही, वाराही नाही, नुसती ओल. अशा हवेत कागदावरची शाई वाळायला दुप्पट वेळ लागतो. त्या दिवशी दुपारी माझा जन्म झाला. दुसरा.

मी एक ठसा आहे, किटलीचा. शाईवर टेकवायचं, कागदावर उमटवायचं, एवढंच माझं काम. पण पहिला जन्म पायाखाली गेला. मी एका डाव्या रबरी चपलेचा तळ होतो. ती चप्पल वहिनींची. मला घडवलं त्यांच्या धाकट्या दिराने, म्हणून माझ्याही त्या वहिनीच.

वहिनींनी टपाल कचेरीत बत्तीस वर्षं नोकरी केली. दीर कोपऱ्यावर चपला-बूट दुरुस्त करतात. माझा अंगठा तिसऱ्यांदा तुटला तेव्हा त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, हिला आता पेन्शनीत काढा." मग मी त्यांच्या खोक्यात पडलो. तिथे सुटी बक्कलं होती, टाचा होत्या, कुणाची जोडी कुणाजवळ नाही. दोन वर्षं काढली.

मधल्या काळात एप्रिल महिन्यात वहिनींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, बोलणं सावरलं. उजवा हात मात्र खांद्यापासून लोंबता राहिला. वहिनी त्याला 'पाहुणा' म्हणत. "जागा अडवतो, जेवायला सोबत बसतो, काम काडीचं नाही."

डिसेंबर लागला तसं हे हसणं आटलं. त्याला कारण होतं. कचेरीतल्या पत्रं निवडायच्या खोलीत एके काळी एकतीस जण काम करत. निवृत्त होऊन सगळे चारी दिशांना पांगले, तेव्हा त्यांनी आपसांत ठरवलं: वर्षअखेरीला प्रत्येकाने प्रत्येकाला स्वतःच्या हाताने केलेलं कार्ड पाठवायचं. विकतचं चालणार नाही, ते कुणीही कुणाच्याही नावाने पाठवू शकतं. एकतीस तारखेपर्यंत ज्याचं कार्ड आलं नाही तो गेला असं समजायचं आणि यादीतलं नाव खोडायचं. फोन करून विचारायचं नाही. आता यादीत वहिनी धरून चोवीस जण उरले होते.

"म्हणजे मी चालती-बोलती असताना खोडली जाणार," वहिनी म्हणाल्या.

"मी करून देते की, जाऊबाई," दिरांची बायको म्हणाली. "कात्री चांगली चालते माझी. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना! आणि तुझ्या कात्रीचं म्हणशील, तर दिवाणखान्याचे पडदे कापलेस ते अजून एकमेकांशी बोलत नाहीत."

दीर तडक दुकानात आले आणि त्यांनी मला खोक्यातून वर काढलं. चपलेची टाच झिजते, चवडा झिजतो, पण मधे, जिथे पावलाला कमान असते, तिथलं रबर जाड आणि सपाट राहतं. त्यांनी चामडं कापायच्या रापीने तेवढाच तुकडा कापला आणि त्यावर किटली कोरली. निवडीच्या खोलीतली चहाची किटली, नळीला पोचा असलेली. तिच्या गोष्टी त्यांनी वहिनींच्या तोंडून शंभरदा ऐकल्या होत्या. मग तळहाताएवढ्या फळीवर मला सोल्यूशनने चिकटवलं.

पहिला ठसा उमटला आणि किटलीची नळी डावीकडे हवी ती उजवीकडे आली.

"अहो भाऊजी, जन्मभर डाव्या-उजव्याचा धंदा केलात आणि इथे फसलात?"

दिरांनी कान पकडले. "दुसरी कोरतो."

"राहू द्या. ती किटली कुठल्याही बाजूने धरली तरी गळायचीच."

खरी अडचण पुढेच होती. कामाचा हात डावा, आणि माणूस बत्तीस वर्षं पाकिटांवर तारखेचा शिक्का हाणलेलं. ती सवय हाताची नव्हती, हाडांची होती. मला उचललं की थाड्! मी कागदावर आदळायचो, उडायचो, जरा सरकून पुन्हा टेकायचो. एका किटलीच्या दीड किटल्या व्हायच्या. तीन दिवसांत चाळीस कागद वाया गेले. वीस तारखेला टपालात पडली नाहीत तर कार्डं वेळेत पोचणार नव्हती.

"हळू, जाऊबाई! टेबलाने काय पाप केलंय?"

"हळू मारायचं मला कुणी शिकवलंच नाही गं."

बारा तारखेला वहिनींनी मला शाई लावून कार्डावर ठेवलं, पण हाणायला हात उचललाच नाही. जाऊला म्हणाल्या, "पुरे. उद्या माझ्या नावाने एक पत्र लिही. म्हणावं, खोडा." बोटं पुसायला त्या फडक्याकडे वळल्या. मी घसरून पडू नये म्हणून त्यांनी पाहुण्याला मनगटाशी धरून उचललं आणि माझ्यावर ठेवून दिलं, कागदावर दगड ठेवावा तसं.

पायांचा भार मी वर्षानुवर्षं वाहिला, पण पाय कधी स्वस्थ नसतात. हा हात स्वस्थ होता. झटका नाही, घाई नाही, नुसतं वजन, चारी कोपऱ्यांवर सारखं. माझ्यातली शाई सावकाश कागदात उतरली.

जाऊने मला उचललं आणि ओरडली, "अगंबाई! जाऊबाई, बघा तर!"

एकच किटली. कडा स्वच्छ. नळीवरचा पोचासुद्धा.

वहिनींनी कार्ड उजेडात धरून पाहिलं. मग पाहुण्याला म्हणाल्या, "आठ महिने फुकट खाल्लंस. आता बस कामाला."

आणि बसला की! डाव्या हाताने मला शाईवर टेकवायचं, कार्डावर ठेवायचं, मग पाहुण्याला आणून माझ्यावर बसवायचं. पाचपर्यंत मोजायचं. उचलायचं. कार्डांच्या घड्या वहिनी चमच्याच्या पाठीने दाबून घालत. पाकिटं जुन्या कॅलेंडरच्या पानांची. जाऊला फक्त कागद धरायची परवानगी होती, तीही तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर. अट एक दिवसही पाळली गेली नाही.

एकोणीस तारखेला तेवीस कार्डं दोरीवर वाळत होती. प्रत्येकात डाव्या हाताचं वाकडंतिकडं अक्षर: 'मी आहे. किटली उजव्या हाताने काढली आहे.' वीस तारखेला वहिनी स्वतः चालत पत्रपेटीपर्यंत गेल्या आणि एकेक पाकीट आत टाकलं. परत आल्या तेव्हा जिना चढतानाच त्यांचा आवाज ऐकू येत होता. जाऊ म्हणाली, "वरात आली."

आता मी खिडकीपाशी ठेवलेला असतो. माझ्या खाचांत निळी शाई बसली आहे, ती निघत नाही आणि निघू नये. तुमच्याकडे एकच मागणं आहे. एखादी वस्तू टाकून देण्याआधी ती कुठे झिजली नाही, तेवढं बोटांनी चाचपून बघा.

एकतीस डिसेंबर, संध्याकाळचं टपाल येऊन गेलं. हवा कोरडी. पाठवलेली कार्डं तेवीस. आलेली कार्डं बावीस. वहिनींनी डाव्या हाताने एक नाव खोडलं. यादीत आता वहिनी धरून तेवीस.