लसणावर चमकणारी पट्टी

सल्फाइट ओळखणारे रेणू घडवणे हे त्याचे काम होते आणि वाद घालणे हा स्वभाव. दोन्ही तो सारख्याच निष्ठेने करी.

सुकवलेली फळे, बाटलीतले रस टिकावेत म्हणून त्यांत सल्फाइट घालतात, आणि तेवढ्याने त्याच्या थोरल्या बहिणीचा दमा उसळे. गाण्याच्या तालमीनंतर मैत्रिणींबरोबर खाणावळीत जेवताना एकदा तिचा श्वास असा कोंडला, की जीव कंठाशी आला. तेव्हापासून तालीम संपली की ती तडक घर गाठी.

“एखादी कागदाची पट्टी करून दे,” ती म्हणाली होती. “ताटातल्या पदार्थाला लावली की कळावं. मग मीही त्यांच्यात बसेन.”

पट्टी लवकरच तयार झाली. सल्फाइट भेटले की तिच्यातल्या रेणूचे रूप पालटे आणि जांभळ्या उजेडाच्या टॉर्चखाली कागद हिरवा उजळे. सल्फाइट तिला एकदाही चुकवू शकले नाही. पण लसणातल्या गंधकामुळे ती लसणावरही मिणमिणे.

“मग काय झालं? दे की!” ताई म्हणाली.

“खोटं बोलणारी पट्टी देऊ?”

“अरे शहाण्या, मला जेवायला जायचंय, कोर्टात नाही.”

“थोडंसं खोटं असं शास्त्रात काही नसतं, ताई.”

तो पुन्हा कामाला जुंपला. रेणूचे एक टोक बदलावे, तर लसूण गप्प होई पण सल्फाइटवर उजळायलाही उशीर लागे. दुसरे बदलावे, तर रेणूच पाण्यात विरघळेना. वर्षे सरली. ताईची एक मैत्रीण लेकीकडे परगावी गेली, एकीने अंथरूण धरले, आणि गाण्याचा मेळा विस्कटला.

अखेर एका दुपारी तो निर्दोष पट्ट्या घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

“लसूण चोळून बघ. मुळीच चमकत नाही.”

“शाबास रे!” ती मनापासून म्हणाली. मग पट्टी बोटांत फिरवत तिने विचारले, “आता कुणाबरोबर जेवायला नेऊ ही?”

तो उरलेल्या पट्ट्या एकावर एक रचू लागला.

“ती पहिली लसणावर चमकली असती, तर मी ताट सरकवलं असतं. पण खुर्ची सोडली नसती. मला भूक गप्पांची होती रे.”

तो खिशातून टॉर्च काढून हातात फिरवू लागला.

“आज जाऊ या ना,” तो कसाबसा म्हणाला. “आपण दोघं.”

“तुझ्याबरोबर? तू वाद घालशील आणि माझा दमा सल्फाइटशिवायच उसळेल!”

ती हसली, पण त्याचा चेहरा पाहून थबकली. मग तिने पडदे ओढले आणि स्वयंपाकघरातला एकेक डबा उघडून, केवळ त्याच्या समाधानासाठी, प्रत्येक जिन्नसाला ओली पट्टी लावली. त्या घरात सल्फाइटचा कण यायचा कधीच थांबला होता. सगळ्या पट्ट्या अंधाऱ्याच राहिल्या.

“बघ, किती नेमकी झालीय,” ताई म्हणाली.

तो टॉर्च धरून उभाच होता.