फुकटची खुशाली

चिकट माणसं जगात पुष्कळ असतात, पण नारायणराव बियाणेवाल्याचा चिकटपणा पाहिला की त्याच्या बायकोला, अन्नपूर्णाबाईंना, ओकारी यायची. ओकारी हा शब्द वाढवून सांगितलेला नाही. पोस्टाच्या ओट्यावर तो पाकीट हातात घेई, अंगठ्याला थुंकी लावून उलटसुलट करी, मधोमध चेपून बघे आणि मग पोस्टातल्या बाबूपुढे सरकवत दात काढून म्हणे, "नाई घेत बा. राहू द्या." खाली बैलबंडीत बसलेल्या अन्नपूर्णाबाईंच्या पोटात तेव्हा खरोखर ढवळून येई.

छपराची ती बंडी हेच त्यांचं घर. कांद्याचं, मेथीचं, वांग्याचं बियाणं घेऊन नवरा-बायको बाराही महिने आठवडी बाजारांमागे फिरत. जळगाव जामोद, संग्रामपूर, मग घाट चढून मेहकर, असा फेरा. अशा माणसाला पत्र घालायचं तरी कुठे? तर फेऱ्यातल्या मोठ्या गावचं पोस्ट धरायचं आणि वर लिहायचं, 'नारायणराव बियाणेवाले, येईपर्यंत पोस्टात ठेवावे'. इथपर्यंत कुणीही शहाणा माणूस करील. पुढचं डोकं मात्र नारायणरावाचं होतं. पाकिटाला तिकीटच लावायचं नाही. बिनतिकिटाचं बैरंग पत्र घेणाऱ्याने दुप्पट पैसे भरून सोडवायचं असतं, आणि घेतलंच नाही तर काही लागत नाही. म्हणून निरोप आत नाही, बाहेर. नावाखाली रेघ असली तर सगळं बरं आहे. कोपऱ्याला हळदीचं बोट असलं तर न्यायला या. आणि खूणच नसली तर काहीतरी वाईट झालं आहे, पैसे भरून फोडा. पाठवणाऱ्याने आपलं नाव कुठेही घालायचं नाही, म्हणजे परत गेलेल्या पत्राचा भुर्दंड त्याच्यावरही बसत नाही. असली बेवारशी पत्रं पुढे कुठल्याशा कचेरीत नेऊन जाळतात म्हणे. नारायणरावाला त्याचं काय! कोळसा सरकारचा, शिपाई सरकारचा आणि खुशाली आपली, असं तो बाजारात चारचौघांना टाळ्या देत सांगे. लोकही हसत. अन्नपूर्णाबाई तेवढ्या तोंड फिरवत.

ही पत्रं घालणारी त्यांची एकुलती एक लेक, कोकिळा. डोणगावात दिलेली. पोर बंडीतच वाढली. पावसाळ्यात चाकं रुतून बसली की बापानेच तिच्याकडून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली होती. का, तर उद्या पत्र लिहून घ्यायला कुणाचे पाय धरायला नकोत. ठेच लागली तर ती आधी परकर फाटला का ते बघे, रक्ताकडे मागून. बापाला आपल्यापायी खर्च पडू नये, हे त्या लेकराच्या हाडीमाशी खिळलं होतं.

संक्रांतीला गाठ पडली तेव्हा कोकिळेला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. पण चाकांवरच्या माहेरात बाळंतीण ठेवायची कुठे? अन्नपूर्णाबाईंनी नवऱ्याच्या मानगुटीवर बसून कबूल करून घेतलं, की सातव्यात हळदीचं बोट आलं की मेहकरात खोली घ्यायची आणि लेकीला आणायचं. तेव्हापासून त्या हलत्या बंडीत बसून जुन्या लुगड्यांची दुपटी शिवत होत्या. दर पोस्टाशी विचारणं एकच.

"हळद होती का हो?"

"रेघ होती. चांगली सरळ रेघ. बरी हाये पोरगी."

"सातवा लागला असंल आता."

"मंग तिले कळत नाई का? लावंल हळद तवा जाऊ. उगंच काऊन खर्चात पाडून राह्यली मले?"

चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असं लोक सहज बोलून जातात. त्या चमडीशेजारी रोज झोपणाऱ्या बाईला विचारा.

वैशाखात मेहकरच्या बाजाराला नारायणराव बैलांना नाल ठोकायला गेला आणि पोस्टात पहिल्यांदाच अन्नपूर्णाबाई स्वतः गेल्या. बाबू भला माणूस होता. त्याने पाकीट काढून पुढे धरलं आणि म्हणाला, "मालक काही घेत नाहीत. तुम्हीही बघा आणि द्या परत."

बाईंनी पाहिलं. नावाखाली रेघ होती, चांगली सरळ. बरं वाटलं. त्या पाकीट परत देणार तोच ते बोटांना जाड लागलं. आत दोन-तीन कागद तरी घड्या घालून कोंबलेले होते.

"आंधीची बी अशीच होती का, दादा?"

"सगळीच. संक्रांतीनंतरची तर जास्तच फुगलेली."

अन्नपूर्णाबाई ओट्यावरच उभ्या राहिल्या. निरोप बाहेरच्या रेघेत आहे, तर मग आत एवढं काय? आणि ही जाडी आजवर त्याच्या अंगठ्याला लागली नाही? मेथीच्या पायलीतला एक खडा अंधारात वेचून काढणारा तो अंगठा! लागली होती. दर वेळेला लागली होती. थुंकी लावून, चेपून, नीट समजून घेऊन त्याने ती परत सरकवली होती. त्यांना त्या अंगठ्याची अशी शिसारी आली, की त्यांनी आपला हात पदराला खसाखसा पुसला.

पाकीट सोडवायला कनवटीला काही नव्हतं. बाजाराचा गल्ला नवऱ्याच्या कमरेला. वाचताही येत नव्हतं. पण जाडी वाचायला शाळा लागत नाही. "मालक आले तं सांगा, लेकीकडं गेली म्हून," एवढं बाबूला सांगून त्यांनी बंडीतून दुपट्यांचं गाठोडं काढलं आणि बाजार उठवून डोणगावला परतणाऱ्या एका माळणीच्या गाडीत जाऊन बसल्या.

कोकिळा सासरच्या परसात भांडी घासत बसली होती. आईला पाहून ती उठली, आणि अन्नपूर्णाबाईंच्या काखेतलं गाठोडं खाली गळलं. लेकीचं पोट सपाट होतं.

"कवा?" त्यांनी विचारलं.

"चैत्रात. पाडव्याच्या मागून. पोरगा होता, माय. रडलाच नाई."

"अन् मले कळवलं नाई?"

"लिवलं होतं ना. आंधी पोटात दुखून राह्यलं होतं तवा बी लिवलं, लवकर न्यायले या म्हून. मंग हे झालं ते बी लिवलं."

"मंग रेघ काऊन ओढली, बाई?"

कोकिळेने राखेचे हात पदरात धरले. "खूण नसती तं बाबाले दुप्पट पडले असते. हळद लावली असती तं खोलीचं भाडं आलं. म्हटलं, जाड पाकीट पाहून कवातरी फोडतीन. आपल्या मनानं."

चैत्रातली ती सकाळ अन्नपूर्णाबाईंना लख्ख आठवली. तो ओट्यावरून उतरला होता, अंगठा धोतराला पुसत म्हणाला होता, "घे, फुकटात खुशाली." आणि त्यांनी बंडीतल्या बंडीत देवाला हात जोडले होते. त्या तशाच खाली बसल्या आणि परसातल्या राखेच्या ढिगाऱ्यावर भडाभडा ओकल्या. इतकी वर्षं आत ढवळत होतं ते सगळं बाहेर आलं. कोकिळा पाठीवरून हात फिरवत राहिली. खरं तर फिरवायचा हात आईचा होता.

त्या दिवसापासून त्या बंडीत चढल्या नाहीत. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, म्हणून गावातल्या तानुबाई सुईणीची बंदिस्त पडवी मागून घेतली. कोकिळेची सुटका या तानुबाईनेच केली होती. त्या पोराला न्हाऊ घालून कापडात गुंडाळलं होतं तेही तिनेच. अन्नपूर्णाबाईंनी पडवी सारवली, चूल मांडली, माळणींकडून वांगी-मेथी घेऊन बाजारात बसायला लागल्या. दुपारी कोकिळा येई आणि तास तास निजून राही. तिला जन्मात पहिल्यांदाच जागचं हलत नाही असं माहेर मिळालं होतं.

एकदा अन्नपूर्णाबाईंनी तिच्या हाती पाकीट दिलं. "मेहकरच्या पोस्टावर घाल बापाले. बैरंग."

"आत काय लिवू?"

"पोरगा गेला, अन् तुमी या. दुसरं काही नको."

"अन् वर? रेघ का हळद?"

"काईच नको," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "पाहू तं दे."

कोकिळेने नाव लिहिलं आणि खालची जागा कोरी सोडली. हात सवयीने रेघेकडे वळत होता, तो तिने आवरला.

पुढे कितीतरी दिवस बंडीच्या घुंगरांचा आवाज आला की ती पडवीच्या दारात येऊन उभी राही. बापाची बंडी नसे.

पेरण्या आटोपून बियाण्याचा हंगाम सरला, तेव्हा नारायणराव आला. बंडी दारात उभी केली, जू खाली ठेवलं आणि जणू कालच गेला होता तशा आवाजात म्हणाला, "चाल बापा, आता लय झालं माहेरपण."

अन्नपूर्णाबाई चुलीशी होत्या. आत कोकिळा सुपात तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"पत्र भेटलं का?" बाईंनी विचारलं.

"भेटलं ना, मेहकराले. पाह्यलं मी. खूण नव्हती."

"मंग फोडलं?"

"फोडतो काऊन?" नारायणरावाने दात काढले. बाजारात टाळी देताना काढायचा तेच. "म्हटलं, हंगाम सरला का आपण जाऊनच राह्यलो डोणगावले. जे असंल ते तोंडानं कळंल. दुप्पट काऊन भरा?"

आत सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला.

अन्नपूर्णाबाईंनी चुलीतला विझलेला कोळसा उचलला. त्या दारात आल्या आणि चौकटीवर त्याच्या डोळ्यांसमोर एक आडवी रेघ ओढली, लांब आणि सरळ.

"दिसली का?"

"काय हे?"

"रेघ. इथं समदं बरं हाये. तुमाले एक पैसा पडला नाई. वाचून झालं असंल तं बंडी वळवा."

तो दात तसेच ठेवून उभा राहिला. बाई आत वळल्या, आणि त्यांच्या मागे कोकिळेने दार ओढून घेऊन आतून कडी घातली.