मुरुराताचं उसनं टोक

मित्रांनो, मी एक जुना पर्वत आहे. खरा नव्हे, प्लास्टरचा. शारजात अल मजाज भागातल्या एका शाळेत राहतो. माझं नाव मुरुराता. खरा मुरुराता बोलिव्हियात आहे, पावणेसहा हजार मीटरांहून उंच. आयमारा भाषेत या नावाचा अर्थ मुंडकं छाटलेला. त्याला टोक नाहीच, माथ्यावर बर्फाचं पठार आहे. तिथले लोक सांगतात, तो फार तोऱ्यात वागला म्हणून शेजारच्या इलिमानी पर्वताने त्याचं डोकं उडवलं.

मला घडवलं गणूने, उम्म अल कुवैनच्या वर्कशॉपमध्ये. कुडाळकडच्या गणपतीच्या शाळेत मूर्ती घडवून हात बसलेला माणूस तो. भूगोलाच्या मुग्धा मॅडमनी दिलेल्या नकाशावरची एकेक समोच्च रेषा त्याने प्लायवर कापली, थर रचले, प्लास्टर चढवलं आणि सपाट माथ्यावर पेन्सिलीने उंचीचे आकडे लिहिले. माझ्याकडे बघून तो स्वतःशीच हसला होता.

मग सुपरवायझर प्रकाश आला. "ये क्या, गणू? पहाडाला टोक नको?"

"नकाशात नाय, साहेब."

"मला नकाशा शिकवतोस? यल्ला, बाजूला हो." त्याने ओल्या प्लास्टरचं उंच टोक घाईघाईने माझ्या माथ्यावर थापलं आणि वर पांढरा रंग फासला. हे टोक टिकू द्यायचं नाही, अशी त्याच दिवशी मी मनात खूणगाठ बांधली.

प्रकाश आणि गणूने मला शाळेत आणून टेबलावर ठेवलं. मॅडमच्या कपाळाला आठी पडली. "हा मुरुराता नाही. हे टोक कुठून आलं?"

"गणूने घोळ घातला, मॅडम. व्हिसा कॅन्सल करून गावी पाठवतो त्याला. खलास," प्रकाश म्हणाला.

गणू मागेच उभा होता. मी रागाने जळत होतो.

प्रकाशने "हे बघा" म्हणत टोकावर बोट ठेवलं आणि मी पकड सोडली. टोक थेट त्याच्या पॉलिश केलेल्या बुटावर पडून फुटलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

"मॅम, इट्स फ्लॅट! अँड देअर आर नंबर्स," अलिना नावाची विद्यार्थिनी म्हणाली.

मॅडमनी नकाशा उघडला. आकडा न् आकडा जुळला. "हे अक्षर कुणाचं?"

"माझं, मॅडम."

"आणि टोक?"

गणूने वाकून तुकडे गोळा केले आणि प्रकाशच्या हातात ठेवले. "हे साहेबांचं."

प्रकाशची सुपरवायझरी गेली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण छटाकभरही वाटलं नाही. मॅडमनी माझ्या पायथ्याशी गणूचं नाव लिहून घेतलं.

आता मी कपाटावर धूळ खात पडलोय. मित्रांनो, अधूनमधून फडकं मारा, पण ते नाव जपा. ज्याच्या हातून ते पुसलं जाईल, त्याच्या पायावर पडायला माझा एक जड कोपरा अजून शाबूत आहे.