सात तासांचा उजेड

तिने माशांच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून पानावरचं शेवाळ ओरबाडलं, तर शेवाळाबरोबर पानच हातात आलं.

"झालं! हेही गेलं," ती करवादली.

काचेच्या त्या टाकीवर तिने दोन वर्षं जीव टाकला होता. पहिला दिवा मंद निघाला. पाण्यातली झाडं उजेडासाठी माना ताणून ताणून काडीसारखी झाली. दुसरा इतका प्रखर, की आठवड्यात काच हिरवीगार. मग शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराचं डोकं खाऊन तिने तिसरा, मध्यम उजेडाचा दिवा निवडला आणि त्याला टायमर लावला. रोज सात तास, वर एक मिनिट नाही. तेव्हा कुठे तळाशी हिरवळ धरली. लॅबमध्ये दिवसभर रक्त काढायला लोकांच्या हातांत सुया खुपसून घरी आलं, की त्या हिरवळीकडे बघत ती चहा घ्यायची. तेवढाच काय तो तिचा विसावा.

आणि ती प्रशिक्षणासाठी दहा दिवस बाहेरगावी गेली, तेवढ्यात बाबांनी माळ्यावरचा तो प्रखर दिवा काढून बसवला होता. टायमर उपटून ठेवला होता.

"किती वेळ चालू असायचा हा?"

"सकाळी लावायचो, झोपताना बंद." बाबा खुर्चीतून हलले नाहीत. "तुझ्या त्या मिणमिणत्या दिव्यात काय दिसत होतं?"

"तो दिवा झाडांसाठी आहे, बाबा. तुमच्यासाठी नाही! एक फोन करून विचारता येत नव्हतं?"

"बटण दाबायलाही परवानगी लागते का आता या घरात? तीस वर्षं बस चालवली मी. साहेबालासुद्धा इतकं विचारलं नाही."

बाबांच्या तोंडी बस आली की वाद संपला, असा घरचा शिरस्ता. आज तिने तो संपू दिला नाही. तुमचा हेका, तुमची मनमानी, आईनेही हेच सोसलं, असं तोंडाला येईल ते ती बोलत सुटली. हात मात्र चालूच होते. काच खरवडली, निम्मं पाणी बदललं, कुजलेली झाडं उपटून फेकली. मासे तिने सुरुवातीलाच बादलीत काढून बाल्कनीत ठेवले होते. शेवटी जुना मध्यम दिवा चढवला आणि टायमर खटकन फिरवला.

बाबा उठले. समेट करायचा झाला की ते असेच आपणहून जवळ येत. काचेला नाक टेकेल इतके वाकले.

"बघ, आता कसे मजेत फिरतायत मासे."

ती खवळून वळली. ही थट्टेची वेळ आहे का, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण बाबा हसत नव्हते. पाण्यात डुलणाऱ्या चार पानांकडे बघून ते कौतुकाने मान हलवत होते.

"बाबा, मासे बादलीत आहेत."

मान हलायची थांबली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"मला काय माहीत? तूच काढलेस ना..."

"डोळ्यांचं विचारतेय मी."

ते खुर्ची चाचपत मागे सरले. "उन्हाळ्यापासून. जरा धुरकट दिसतं. होईल कमी."

उन्हाळ्यापासून! तिची सात वर्षांची लेक रोज सकाळी याच माणसाच्या स्कूटरवर मागे बसून शाळेत जात होती.

"आणि तिला घेऊन जाता तुम्ही? त्या रहदारीतून?" तिचा आवाज चिरकला.

"रस्ता पाठ आहे मला."

"किल्ली द्या."

आता त्यांच्या तोंडी बस येणार, साहेब येणार, म्हणून ती दातओठ खात उभी राहिली. बाबांनी खिशात हात घातला, किल्ली काढली आणि टाकीशेजारी ठेवून दिली.

"शाळेच्या अलीकडे मोठा खड्डा आहे," ते म्हणाले. "डावीकडून घे. आणि तिला सांगत राहा, घट्ट धर म्हणून. आपणहून धरत नाही ती."