थांबा, जोडते

शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा लेक ऑफिसात कुणाचा तरी प्रोग्राम पाडत बसली होती. तिचं कामच मुळी पाडापाडीचं. दुसऱ्यांनी जीव ओतून लिहिलेला प्रोग्राम कुठे कोसळतो ते शोधायचं, लिहिणाऱ्याचा चेहरा उतरेपर्यंत दाखवायचं, आणि वर पगारही घ्यायचा. अशा चुकांना त्यांच्यात 'बग', म्हणजे किडे म्हणतात. आई तिला "आमची किडेवाली" म्हणायची. त्यामुळे नात्यातल्या निम्म्या लोकांची अशी समजूत होती, की पोरगी औषधफवारणीच्या कंपनीत आहे.

"तुझे बाबा दुपारभर त्या कॉम्प्युटरशी बोलत बसतात गं," काकू दबक्या आवाजात म्हणाल्या. "काल मी दार वाजवलं, तर मलाच म्हणतात, 'हळू, ती लाईनवर आहे.'"

आईला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी लेकीनं रजा टाकली आणि सकाळच्या गाडीनं घर गाठलं.

बाबांनी दार उघडलं. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, चेहरा ठीकठाक. वेड लागलेला माणूस म्हणून तिनं रस्ताभर जे चित्र रंगवलं होतं, त्यातलं काहीच जुळेना. ते बघून तिला जास्तच भीती वाटली.

आईच्या खोलीतला पलंग हलवलेला होता. त्याच्या पायांच्या चार खुणा फरशीवर होत्या आणि बाबा त्यांना वळसा घालून चालत होते. खिडकीपाशी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि बाजूच्या खिळ्याला आईचा हेडफोन, तोंडापुढे माईकची दांडी येणारा.

आईनं सगळी नोकरी इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर काढली. बाहेरून फोन आला की "थांबा, जोडते" म्हणायचं आणि हव्या त्या वॉर्डाला जोडून द्यायचं. अंथरुणाला खिळल्यावर लेकीनं तिला वेळ घालवायला एक खेळ आणून दिला. त्यात एक गाव वसवायचं असतं. घरं बांधा, विहीर खणा, कोंबड्या पाळा, दिवे लावा. आई त्यात अशी रमली, की औषधाची वेळ झाली तरी "थांब, कोंबड्या आत घेऊ दे" म्हणायची. खेळताना हेडफोन मात्र लागायचाच. तो डोक्यावर चढला की आपण आजारी नाही, ड्युटीवर आहोत असं वाटतं, असं तिचं म्हणणं.

"खेळ उघडत नाही," बाबा म्हणाले. "ती असताना कधी पडला नाही. ती गेली आणि हा पडायला लागला."

"बघू."

आधी आपण स्वतः पाडून बघायचं, हा लेकीच्या धंद्यातला पहिला नियम. तिनं खेळ सुरू केला. "गावात चला"वर टिचकी मारली. पडदा काळा झाला, कोपऱ्यात एक कंदील झुलायला लागला आणि त्याच्याखालची पट्टी सरकू लागली. पट्टी अर्ध्यावर आली तसा कंदील झुलता झुलता तिरका थांबला. मग सगळंच गेलं आणि आईनं लावलेला लेकीचा शाळेतला फोटो समोर आला, दोन दात पडलेला.

"ऐकलंस?" बाबांनी विचारलं.

"काय?"

"बोलली ती. पट्टी सरकायला लागली की बोलते. मग जाते."

लेकीनं काहीच ऐकलं नव्हतं. ती मागे वळली नाही, कारण या क्षणी बाबांचा चेहरा बघण्याची तिची तयारी नव्हती. ऑफिसात पन्नास माणसांत बसायचं म्हणून आल्याआल्या स्पीकर बंद करायचा, ही तिच्या हाताची सवय. इथंही हातानं ते परस्पर केलं होतं आणि तिच्या ध्यानात नव्हतं.

"बाबा," ती जपून म्हणाली, "तुम्हाला आईचं गाव बघायचंय का?"

"गाव बघून काय करू? मला तिला एक विचारायचंय."

ते खुर्ची ओढून तिच्या मागे बसले आणि पाठमोऱ्या लेकीला सांगू लागले. समोरासमोर त्यांना जमलं नसतं.

"त्या शेवटच्या दुपारी मी बोललो तिच्याशी. तिचे डोळे मिटलेले होते. झोप होती की ग्लानी, देव जाणे. मी म्हटलं, 'तू माझ्यापायी अडकून राहू नकोस. माझं मी बघतो. तू जा.' एवढं बोललो आणि चहा टाकायला उठलो. तिथं थांबवेना मला. संध्याकाळी ती गेली. आता तू सांग. ऐकलं असेल, तर मीच तिला घालवलं. ऐकलं नसेल, तर माझी काळजी करत गेली. कुठूनही बघ, मान माझीच अडकते."

"असं काही नसतं हो बाबा," हे वाक्य लेकीच्या ओठांवर आलं होतं, पण ते इतकं पोकळ होतं, की तिनं ते गिळलं आणि पेचकस मागितला.

मग जे येत होतं ते तिनं केलं. डबा उघडून पंख्यातली धूळ काढली. धूळ कसली, चांगली गोधडी निघाली. आतलं तापमान बघितलं, ठीक. मेमरी तपासायला लावली, तीही ठणठणीत. ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून नवा घातला, नवा काढून जुना घातला. शेवटी अख्खा खेळ उडवून पुन्हा चढवला. आईचं गाव वेगळ्या फोल्डरात होतं, त्याला धक्का लागला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा पाडून बघायचं. दर वेळी कंदील त्याच ठिकाणी तिरका व्हायचा.

बाबा जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले होते. मागे बसून तोंड बंद ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "पंखा गेलाय," ते म्हणाले. पंखा गेला नव्हता. "वायर चावली असेल उंदरानं." उंदरानं चावली नव्हती. "मग दोन मजल्यांच्या मध्ये अडकलाय."

"बाबा, ही लिफ्ट नाही."

"अडकायचं ते अडकतंच. आमच्यात पहिलं काम काय? हत्यार नंतर. आधी आतल्या माणसाला आवाज द्यायचा." असं म्हणून ते उठले, टेबलावर वाकले आणि त्यांनी स्पीकरचं बटण पुरतं फिरवलं. "आता लाव."

लेकीनं लावलं. कंदील झुलू लागला.

"थांबा, जोडते."

आईच. शेवटच्या महिन्यांतला तुटक, धापा टाकणारा आवाज नव्हे. बोर्डावरचा, स्वच्छ, जरा ठसक्यातला. समोर कितीही रडारड चालू असली तरी न हलणारा. लेकीला तोंड उघडून हाक मारायची होती. पट्टी सरकत गेली, कंदील तिरका झाला आणि पडदा गेला.

"बघ," बाबा म्हणाले. त्या एका शब्दात इतकं समाधान होतं, की लेकीला रडू आलं. इतके दिवस बिचारा माणूस एकटाच ऐकत होता.

"पुन्हा लावते," ती म्हणाली. या खेपेला तिनं कान देऊन ऐकलं. आधी ते दोन शब्द. मग लगेच शांतता नाही. श्वास. भिंतीवरच्या घड्याळाची टकटक. आणि पडदा जायच्या अगदी आधी, पाठीमागे खुर्ची सरकल्याचा आवाज.

ती गर्रकन वळली. बाबा खुर्चीत बसलेले होते, जागचे न हलता. खुर्ची जिथे होती तिथेच.

"तुम्ही हललात?"

"नाही. का?"

दिवसाढवळ्या, खिडकीतून ऊन येत असताना, त्या खोलीत तिसरं कुणीतरी वावरत होतं असं तिला अगदी आतून वाटलं. पलंगाच्या खुणांकडे तिला बघवेना. पण पाडापाडीचा धंदा करणाऱ्या माणसाचं डोकं घाबरलं तरी चालूच राहतं. ते म्हणालं, ध्वनिफीत दोन शब्दांची असेल, तर दोन शब्दांनंतर हे काय चाललंय?

खेळात आपले आवाज घालायची सोय होती. लेकीनं आवाजांचा फोल्डर उघडला. आईनं घातलेला आवाज एकच होता. त्याचं आकारमान बघून ती खुर्चीत मागे रेलली. अख्खा खेळ, त्यातलं गाव, घरं, कोंबड्या, सगळं मिळून जेवढं होतं, त्याहून ती एकटी फाईल मोठी होती. दर वेळी खेळ ती अख्खी गिळायला बघत होता आणि अर्ध्यावर त्याचा श्वास कोंडत होता. फाईलवर तारीख आई गेली त्या दिवसाची होती.

तिला आठवलं. आदल्याच आठवड्यात आई फोनवर कुरकुरत होती, "हे काय गं, माणसाला नुसतं काळोखात ताटकळत ठेवतात. निदान थांबा तरी म्हणावं की नाही?" तेव्हा लेकीनंच तिला आवाज घालायची युक्ती सांगितली होती. रेकॉर्ड दाबायचं, बोलायचं, आणि बोलून झालं की बंद करायचं.

आईनं बंद करणं शक्यच नव्हतं. तिनं आयुष्यात कधी आपणहून फोन ठेवला नव्हता. लेक वसतिगृहातून फोन करायची, तेव्हा बोलणं संपलं तरी आई नुसती धरून बसायची. "ठेव ना आता," म्हटलं की म्हणायची, "आधी तू ठेव. ऑपरेटरनं आधी ठेवायचं नसतं. समोरच्याचं काही बोलायचं राहिलेलं असतं." त्या दुपारी हेडफोन लावून ती दोन शब्द बोलली आणि सवयीनं लाईन उघडीच ठेवली. त्या संध्याकाळी लेक धावत येऊन पोचली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, आणि कॉम्प्युटर तिनंच बंद केला होता, काय चालू आहे ते न बघता.

तिनं फाईलची प्रत बाजूला काढून ठेवली. आधीचे दोन शब्द कापून तेवढेच खेळात घातले. कंदील झुलला, आई "थांबा, जोडते" म्हणाली, पट्टी भरली आणि समोर गाव उघडलं. सकाळ होती. विहिरीजवळ बाक होता आणि कोंबड्या कुणीतरी आत घेण्याची वाट बघत अंगणात फिरत होत्या.

"बाबा, उघडलं."

बाबांनी गावाकडे नीट बघितलं, बाकाकडे जरा जास्त वेळ. मग विचारलं, "उरलेलं कुठंय?"

तिनं सांगितलं. आई नेमकं काय करायची विसरली तेही सांगितलं.

"म्हणजे ती दुपार आहे त्यात."

"आहे."

"नको लावूस," ते म्हणाले आणि उठून स्वयंपाकघरात गेले. पातेलं ठेवल्याचा आवाज आला. गॅस पेटल्याचा आला नाही. बऱ्याच वेळानं ते हात पुसत परत आले, हात कोरडेच होते, आणि खुर्ची ओढून बसले. "लाव. या वेळी मी उठणार नाही."

लेकीनं लावलं. दोन शब्द झाले. मग श्वास, घड्याळ, ती मघाची खुर्ची, आणि पुन्हा नुसता श्वास आणि घड्याळ. लेकीनं पुढे सरकवायला हात नेला तर बाबा म्हणाले, "नको. थांबा म्हणालीये ना ती."

ते थांबले. फितीतली दुपार खोलीतल्या दुपारीत मिसळत गेली. फितीत घड्याळ वाजलं तेव्हा लेकीनं भिंतीकडे बघितलं. फितीत दार करकरलं तेव्हा दोघांनी दाराकडे बघितलं. चपला फरफटत आल्या, खुर्ची सरकली. मघाचा खुर्चीचा आवाज सुरुवातीलाच येऊन गेला होता, हा वेगळा. बाबा त्या दुपारी किती वेळा आत येऊन बसले आणि उठले होते कोण जाणे. शेवटी एकदा ते बसले आणि उठले नाहीत. घसा खाकरून म्हणाले, "तू माझ्यापायी अडकून राहू नकोस."

खुर्चीतल्या बाबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले.

"माझं मी बघतो. तू जा."

खुर्ची सरकली. चपला लांब गेल्या. लांबवर पातेलं वाजलं. मग काहीच नाही. श्वास, घड्याळ, श्वास. लेकीनं ओठ चावले. नाही ऐकलं. आता बाबांना हे कसं सांगायचं, की नाही ऐकलं तरी चालतं? बाबांची मान खाली गेली होती.

"ऐकलं हो," आई म्हणाली.

अगदी जवळून, माईकला ओठ लागलेले, पुटपुटत.

"मीठ बेतानं घाला. दोनदा घालता."

बाबांच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी बाहेर पडलं आणि त्याच्या मागोमाग इतके दिवस न आलेलं रडू. त्यांनी ते पुसलं नाही.

घड्याळ टकटकत राहिलं. आईला आणखी काही बोलायचं होतं. श्वास जमवायला तिला वेळ लागत होता.

"आता... आधी तुम्ही ठेवा."

मग पुन्हा फक्त श्वास. पुढे काय आहे ते लेकीला माहीत होतं. श्वास विरळ होत जाणार होते, बाबा चहा घेऊन येणार होते, आणि सगळ्यात शेवटी तिचा स्वतःचा आवाज येणार होता. तिनं घाईनं माऊसकडे हात नेला. बाबांनी तो हळूच बाजूला केला.

ते ऐकत राहिले, अजून थोडं, माणूस फोन ठेवण्याआधी ऐकत राहतो तेवढंच. मग त्यांनी माऊसवर बोट ठेवलं.

"ठेवतो गं," ते म्हणाले, आणि ठेवला.