एकोणीस दिवसांना काय म्हणायचं

बेबीला एकच धास्ती होती, की बाबा पाहुण्यांना वजन विचारतील. बाबांनी दार उघडलं आणि तेच विचारलं.

"या, या! वजन किती आपलं?"

बेबीच्या होणाऱ्या नवऱ्याची, लांबूची आई उंबरठ्यावरच थबकली; लांबू तिच्या मागे. चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेली ही बाई. आख्खी वस्ती त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची. या वयाच्या बाईला हा प्रश्न डॉक्टरसुद्धा दबकत विचारतो. त्यांनी चष्म्यावरून बाबांना आपादमस्तक न्याहाळलं.

"कशाला हवंय?"

"सोफ्यावर कुठे बसवायचं ते ठरवतो. डावीकडचा पाय जरा कच्चा आहे."

बाबांनी अठ्ठावीस वर्षं हवाई दलात मालवाहू विमानं भरली होती. माणूस असो, पोतं असो की तोफेचं चाक, आधी काटा आणि मग विमान. एखादं वजन चुकीच्या जागी गेलं तर विमान उडता उडता नाक खुपसतं, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलं होतं. नोकरी संपली, विमान सुटलं, काटा काही सुटला नाही. फ्रीजमध्ये दुधाच्या पिशव्या दोन्ही कडांना सारख्या. कपाटात जाड पुस्तकं तळाला, मधोमध. बेबीची आई गेल्यावर तर घरात त्यांना अडवणारं कुणी उरलंच नाही. लांबू त्यांच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला आला, तेव्हा त्यालाही त्यांनी आधी वजन विचारलं होतं. त्याने सरळ हत्यारांसकट आकडा सांगितला. बाबा खूश झाले. चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून घरी परतलेली बेबी जिन्यात उभी होती, ती त्याहून खूश झाली.

त्याला आता दीड वर्ष झालं होतं. आणि तीन आठवड्यांपूर्वी दोघांनी विवाह नोंदणी कार्यालयात जाऊन नोटीसही देऊन टाकली होती, कारण नंतरच्या तारखा मिळेनात. आज चहावर दोघा वडीलधाऱ्यांचा होकार काढायचा आणि मग हळूच, बिस्किटाबरोबर, तारीख सांगायची, असा बेत होता. बेबी एकतीस वर्षांची होती. बाबांनी 'नाही' म्हटलं तर ती लग्न करणार होतीच. पण बाबांशिवाय तिला ते करायचं नव्हतं.

बाई सोफ्याच्या उजव्या टोकाला बसल्या, आकडा न सांगता. लांबू डावीकडे. बाबांनी मान तिरकी करून सोफ्याकडे पाहिलं आणि "चालेल" म्हणाले. बेबीचा जीव भांड्यात पडला.

मग बाईंची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली. ढेरपोट्या विमानासमोर तिशीतले बाबा उभे होते, छातीवर बिल्ला लावून.

"हे कधीचं?" बाईंनी प्रेमाने विचारलं.

"एकोणीस दिवसांच्या युद्धानंतरचं," बाबा म्हणाले.

"ते युद्ध नव्हतं हो," बाई तितक्याच प्रेमाने म्हणाल्या. "ती चकमक."

लांबूने बिस्किट कपात बुडवलं होतं, ते तसंच राहिलं आणि आत गळून पडलं.

"चकमक?" बाबा म्हणाले.

"सीमेवरची चकमक. पुस्तकात तसंच आहे. धडा मीच लिहिलाय."

"अहो, माझ्या विमानाच्या शेपटीला अकरा भोकं पडली होती!"

"भोकांवर नसतं ते. युद्ध म्हणायला आधी घोषणा लागते. दोन्ही सरकारांनी जाहीर करावं लागतं. आणि निदान हजार माणसं जावी लागतात."

"म्हणजे नऊशे नव्व्याण्णव गेली तर मारामारी?"

"नियम म्हटला की रेघ कुठेतरी मारावीच लागते."

"मग हजाराव्याला आधी सांगत जा, 'बाबा रे, तुझ्यावर सगळं अडलंय!'"

लांबू खुदकन हसला. आईने त्याच्याकडे पाहिलं तसा तो कपातलं बिस्किट चमच्याने शोधायला लागला. बेबीने घाईघाईने विषय बदलला. आयुष्यातली ही तिची सर्वांत मोठी चूक.

"बाई, विमान कसं आहे पण? बाबा त्याला म्हैस म्हणायचे."

"म्हशीसारखंच दिसतंय," बाई म्हणाल्या. "विमान म्हणजे लढाऊ. सडपातळ, टोकदार. शाळेत असताना आमच्या गच्चीवरून जोडीने जायची. आवाज येईपर्यंत विमान पार पुढे गेलेलं असायचं! मी वाळत घातलेले सांडगे पायाखाली तुडवत धावायचे." त्यांचे गाल लाल झाले होते. लांबूने आपल्या आईला असं कधी पाहिलंच नव्हतं.

"देखणं असतं, मान्य," बाबा म्हणाले. "पण पाऊण तास उडालं की लगेच तहान. आत माणूस एक, तोही अवघडून बसलेला. भाकरीचा तुकडा न्यायला जागा नाही. लढाई पोचवतं कोण? म्हैस! बूट कोण नेतं? औषधं कोण नेतं?"

"आणि म्हशीला वरून कुणी गोळ्या घातल्या तर वाचवतं कोण? अकरा भोकांची बारा का झाली नाहीत?"

बाबांनी साखरेचं भांडं पुढे ओढलं. ही बाई गृहपाठ करून आली होती.

मग टेबलावर रणधुमाळी सुरू झाली. साखरेचं भांडं म्हणजे डोंगर. चहाची किटली म्हणजे म्हैस. बाईंनी बेबीच्या दुकानातली चष्म्याची सपाट डबी उचलली आणि ती किटलीवरून सूंऽ करत नेली. बाबांनी किटली डोंगराआड वळवली. बाईंनी डबी उलटी केली. म्हणे लढाऊ विमान पोट वर करूनही उडतं. "म्हैस उडवून दाखवा पालथी!" बाबांनी इरेला पेटून किटली कलती केली आणि चहाची धार लांबूच्या मांडीवर. लांबू ओरडला, बाई हसल्या, बाबा हसले, बेबी तर पोट धरून खाली बसली. आता सगळं सुरळीत होणार, असं तिला वाटलं.

"पाहिलंत?" बाबा डोळे पुसत म्हणाले. "नागरिक जखमी. आता तरी युद्ध म्हणा."

"चकमक," बाई हसतच म्हणाल्या.

बाबांचं हसू थांबलं. किटली त्यांनी टेबलावर ठेवली, मधोमध.

"ज्या घरात त्या एकोणीस दिवसांना चकमक म्हणतात, त्या घरात माझी मुलगी जाणार नाही."

"आणि ज्या घरात पुस्तकाला किंमत नाही, तिथली सून मलाही नको," म्हणत बाई पर्स घेऊन उठल्या. एकीकडचं वजन गेलं तसा सोफा कुरकुरत लांबूच्या बाजूला कलला.

"थांबा!" बेबी ओरडली. "आम्ही नोटीस दिलीय. तीन आठवडे झाले. चौदा तारखेला, सकाळी अकरा वाजता."

टेबलावरून चहा टपटपत राहिला. मग दोघं वडीलधारे एकदम तिच्याकडे वळले. इतका वेळ समोरासमोर असलेले ते दोघे आता एका बाजूला होते.

"न सांगता?" बाबा म्हणाले.

"न कळवता?" बाई लांबूवर कडाडल्या. "आम्ही इथे बिस्किटं खात बसलोय आणि तुम्ही मागच्या मागे तीन आठवड्यांपूर्वीच! हा हल्ला आहे! हे सरळसरळ यु..."

त्यांनी जीभ चावली. पण उशीर झाला होता.

"बोला ना," बाबा मधाळ आवाजात म्हणाले. "घोषणा झाली नव्हती. माणूस एकही गेला नाही. काय म्हणायचं याला, बाई? चकमक?"

बाईंनी आधी बाबांकडे, मग लांबूच्या ओल्या मांडीकडे पाहिलं. मग पर्स खाली ठेवून बसल्या आणि अशा हसत सुटल्या, की त्यांना चष्मा काढावा लागला. "हरले," त्या म्हणाल्या. "घोषणा नसली तरी ज्याच्यावर बेततं त्याला कळतं. हरले मी."

बाबांनी विजयाने सगळ्यांकडे पाहिलं. बेबीने लांबूचा हात धरला. त्याची मांडी भाजली होती, तरी तो वेड्यासारखा हसत होता.

"पण मग मला सांगा," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "नेमकं काय झालं त्या दिवसांत? माझ्या धड्यात त्यावर चारच ओळी आहेत."

हा प्रश्न बाबांना कुणी विचारलाच नव्हता. बेबीनेही नाही. भोकांची गोष्ट ती लहानपणापासून ऐकत आली होती, त्यापुढे काही असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"सातव्या दिवशी डोंगरापलीकडे पोरं सोडून आलो," बाबा म्हणाले. "सगळ्यांचं वजन मीच केलं. ब्याण्णव जण, सामानासकट आठ हजार तीनशे किलो. एक जाडा होता, त्याला सगळे चिडवत होते, याच्यासाठी दुसरं विमान मागवा म्हणून. सोळाव्या दिवशी आणायला गेलो. जे होते ते काट्यावर चढले. बेरीज केली तर तीन हजारसुद्धा भरेना. मला वाटलं काटा बिघडला. मी स्वतः चढून पाहिलं." त्यांनी किटली साखरेच्या भांड्यापासून दूर सरकवली. "काटा बरोबर होता."

बाईंनी चष्मा परत लावला. बेबीला रडू आलं. बाबा भेटेल त्याला वजन विचारतात म्हणून ती आयुष्यभर ओशाळली होती आणि आत्ता तिला त्याचीच लाज वाटत होती.

"बाकीच्यांची नावं?" बाईंनी हळूच विचारलं.

"कागदावर नावांचा रकानाच नव्हता. नुसते किलो. पण माझ्या लक्षात आहेत. बरीचशी आहेत."

बाईंनी पर्समधून वही काढली, टोपण दातात धरून पेन उघडलं आणि लांबूला म्हणाल्या, "तू जा, दूध घेऊन ये. आणि तू गं, परत आधण ठेव. चौदा तारखेचं आपण नंतर भांडू, तेव्हा मी काही सोडायची नाही." मग त्या बाबांकडे वळल्या. "हं. त्या जाड्यापासून सुरुवात करा."